हापशाचं पाणी, आर्सेनिक आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फ्लोराइडवर लिहिताना ओघात एक वाक्य आलं होतं, की गंगेकाठच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी फ्लोराइडच्या आधी आर्सेनिकची, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात उतरणाऱ्या विषाची, चौकशी करावी. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मी नोकरीची सगळी वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली. त्यामुळे उत्तरांत यंत्रांच्या आधी बाटली आणि तपासणी येईल. नावं वगळून पत्रं थोडक्यात देते.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. सासऱ्यांच्या काळापासून उत्तर प्रदेशात बलियाला आमचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे. घरामागे हापसा आहे, इथे त्याला चापाकल म्हणतात. शेजारच्या गल्लीतल्या हापशावर लाल खूण केली आहे, पण आमचा हापसा कुणी तपासला नाही. मी गावाकडच्या सवयीने पाण्यात तुरटी फिरवते आणि पाणी उकळून घेते. दुकानदार म्हणतो, आरओ बसवा, सगळं निघून जाईल. सासरे म्हणतात, आम्ही तीस वर्षं हेच पाणी प्यालो. मुलगा आठ वर्षांचा आहे, धाकटी अजून अंगावर पिते. आमच्या कामातलं तेजाब (आम्ल) जमिनीत मुरून तर हे होत नाही ना? नक्की काय करू?
— एक वाचक भगिनी, बलिया

उत्तर : ताई, तेजाबाची शंका आधी मिटवते, कारण ती तुम्हाला आतून खात असणार. या आर्सेनिकचा तुमच्या गलाईशी काही संबंध नाही. ते हिमालयातून आलेलं आहे. नद्यांनी हजारो वर्षं जो गाळ आणून टाकला, त्याच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. गाळात गाडला गेलेला पालापाचोळा कुजायला लागला की खाली प्राणवायू उरत नाही. मग गंज विरघळतो, त्याला धरून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि पाण्यात येतं. पश्चिम बंगालमध्ये 1983 साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवरच्या डागांवरून हे पहिल्यांदा ओळखलं. पुढे जाधवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे नमुने तपासले. 2002 मध्ये तुमच्या पलीकडच्या काठावर भोजपूर जिल्ह्यातलं सेमरिया ओझापट्टी सापडलं आणि लगेच पुढच्या वर्षी बलिया. तेजाबाचं सांडपाणी हापशाजवळ ओतू नका हे खरंच, पण ते वेगळ्या कारणांसाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्या हापशावर लाल खूण आहे यावरून तुमच्या हापशाचं काहीच ठरत नाही. एकाच अंगणातल्या दोन बोअरच्या पाण्यात जमीन-अस्मानाचं अंतर निघतं, कारण गाळाचे थर हाताच्या अंतरावर बदलतात. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. तेव्हा पहिलं काम तपासणीचं. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. दुष्काळात आपल्याकडे येतात तसे दहा हजार लिटरचे दहा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक असेल, तर ती ही मर्यादा. इतक्या बारीक मापाची गोष्ट डोळ्याने किंवा जिभेने कळणार नाही.

गावात जे तपासणीचे संच घेऊन माणसं येतात, त्यांत बाटलीतल्या पाण्यात जस्त आणि आम्लाची पूड टाकतात. आर्सेनिक वायुरूपात वर येतं आणि झाकणातली कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. पट्टी गडद झाली, तर विश्वास ठेवा आणि त्या दिवसापासून ते पाणी बंद करा. पट्टी अगदी फिकट राहिली, तर मात्र निश्चिंत होऊ नका. मर्यादेच्या आसपासचा फरक दाखवायला हा संच पुरेसा नाजूक नाही. एकदा तरी प्रयोगशाळेतून आकडा काढून घ्या.

उकळण्याबद्दल. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि आर्सेनिक भांड्यात राहतं, म्हणजे ते थोडं घट्टच होतं. मेणबत्तीचा फिल्टर, निळ्या दिव्याचा यूव्ही, कापडाची गाळणी यांतल्या कशालाही ते अडत नाही.

तुरटीचं उत्तर जरा लांब आहे, कारण तुमची सवय अगदीच चुकीची नाही. पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं, आर्सेनाइट आणि आर्सेनेट. आर्सेनेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते तुरटीच्या किंवा लोखंडाच्या गुठळीला चिकटतं आणि तिच्याबरोबर खाली बसतं. आर्सेनाइटवर नेहमीच्या पाण्यात भार नसतो, ते तसंच निसटतं. आणि हापशाच्या खोल, प्राणवायू नसलेल्या पाण्यात बहुतेक वेळा आर्सेनाइटच जास्त असतं. म्हणून नुसती तुरटी फिरवून भागत नाही. आधी आर्सेनाइटचं आर्सेनेट करावं लागतं. त्यासाठी क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट चालतं. नुसत्या हवेने हे काम होतं, पण फार सावकाश, दिवसच्या दिवस लागतात.

बांगलादेशात सरकारी खात्याने डेन्मार्कच्या मदतीने याच तत्त्वावर दोन बादल्यांची पद्धत दिली होती. वरच्या 20 लिटरच्या बादलीत लिटरला 200 मिलिग्रॅम तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट आणि 2 मिलिग्रॅम परमँगनेट. म्हणजे बादलीला चार ग्रॅम पावडर आणि परमँगनेट फक्त 40 मिलिग्रॅम, चिमटीत धरलं तरी जास्त होईल इतकं. काठीने जोरात ढवळायचं, मग हळूहळू फिरवायचं, की कापसासारख्या गुठळ्या जमू लागतात. एक-दोन तास हात न लावता निवळू द्यायचं आणि वरचं पाणी नळीने खालच्या बादलीत वाळूच्या थरातून गाळायचं. पद्धत खरी आहे. तरीही मी ती तुम्हाला घरी करायला सांगणार नाही. मात्रा चुकली, ढवळणं कमी पडलं, पाण्याचा आम्ल-अल्कपणा वेगळा निघाला, की आर्सेनिक राहतं आणि वर ॲल्युमिनियम किंवा मँगनीज उतरतं. रोज सकाळी लेकरांच्या डब्याच्या गडबडीत मिलिग्रॅम मोजायची जबाबदारी कुणा आईवर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. सार्वजनिक योजनेत, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली हीच पद्धत उत्तम चालते.

आरओ. दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. आरओची पटलं, म्हणजे आतले पाणी गाळणारे पातळ पडदे, आर्सेनेट चांगलं अडवतात, चांगल्या स्थितीत शंभरातले पंच्याण्णवच्या वर. आर्सेनाइट मात्र त्यातून बरंच निसटतं. म्हणून टाकीतल्या पाण्यात आधी क्लोरीन घालून अर्धा तास ठेवलं, तर आरओचं काम सुधारतं. यंत्रात कोळशाची नळी आधी असायला हवी, म्हणजे क्लोरीन तिथे अडतं आणि पटल खराब होत नाही. आणि दोन गोष्टी दुकानदार सांगणार नाही. एक, तो टीडीएसचं मीटर बुडवून दाखवेल. ते मीटर मिलिग्रॅममध्ये क्षार मोजतं, आर्सेनिकचे मायक्रोग्रॅम त्याला दिसतच नाहीत. टीडीएस 60 आला म्हणून आर्सेनिक गेलं, असं अजिबात नाही. दुसरी, बऱ्याच घरगुती यंत्रांत चव राखायला टीडीएस कंट्रोलर नावाची चावी असते. ती पटलातून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. आर्सेनिकच्या भागात ती चावी म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं. यंत्र घेतलंच, तर ती पूर्ण बंद करून घ्या. मग यंत्रातून निघालेलं पाणी प्रयोगशाळेत पाठवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाठवा. यंत्र जे पाणी वेगळ्या नळीतून वाया म्हणून बाहेर टाकतं, त्यात आर्सेनिक आणखी दाट होतं. ते संडासात वापरा. वाफ्यांना नको, म्हशीला नको, भांड्यांना नको.

यंत्राआधी मात्र दुसरं पाणी शोधा. नळयोजनेचं पाणी गंगेतून उचललेलं असेल, तर ते घ्या, कारण वाहत्या नदीत आर्सेनिक फार कमी असतं. गल्लीतल्या खोल बोअरवर हिरवी खूण असेल, तर तिथून कळशी भरून आणा. गंगेच्या गाळात आर्सेनिक मुख्यतः वरच्या शंभरेक मीटरमध्ये असतं, दीडशे मीटरच्या खालचं पाणी बहुधा बरं असतं. जुन्या मोहल्ल्यांत उघड्या विहिरी अजून आहेत. त्यांच्या पाण्याला हवा लागते, लोखंड गंजून खाली बसतं आणि आर्सेनिकही त्याच्याबरोबर बसतं, त्यामुळे तुमच्या भागात त्या बऱ्याचदा या बाबतीत सुरक्षित निघतात. त्यांत जंतू असतात, म्हणून ते पाणी मात्र उकळायचंच. तिथले सरकारी उंच लोखंडी हापसे म्हणजे इंडिया मार्क-2. त्या पंपाचं मूळ आपल्या जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे, हे माहेरच्या माणसांना जरूर सांगा. पण त्या पंपाचंही पाणी तपासल्याशिवाय धरू नका.

भात, डाळ, चहा आणि कणीक यांनाही तेच चांगलं पाणी. पुष्कळ घरांत प्यायला विकतचा जार असतो आणि भात हापशाच्या पाण्यात शिजतो. तांदूळ ते पाणी पूर्ण शोषून घेतो, मग जारचा खर्च वाया. अंघोळ आणि कपडे हापशाच्या पाण्यात चालतील, कातडीतून ते फारसं आत जात नाही.

धाकटीला अंगावर पाजणं बिलकूल थांबवू नका. आईच्या दुधात आर्सेनिक फार थोडं उतरतं. त्या पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध तिला जास्त घातक ठरेल.

आणि सासऱ्यांना चिली देशातल्या अँटोफगास्टा शहराची गोष्ट सांगा. तिथे 1958 मध्ये डोंगरातल्या नदीचं पाणी आणलं, त्यात लिटरला 860 मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक होतं. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि आकडा झपाट्याने उतरला. तरी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढची कित्येक दशकं चढेच राहिले आणि जे त्या वर्षांत लहान होते, त्यांच्यातही ते दिसले. म्हणजे तीस वर्षं काही झालं नाही, यावर विसंबता येत नाही. आज पाणी बदललं, तर अंगात फिरणारं आर्सेनिक बहुतेक काही दिवसांत लघवीवाटे जातं, हेही तितकंच खरं. आठ वर्षांच्या मुलासाठी आजचा दिवस मोलाचा आहे. सासऱ्यांचे तळहात-तळपाय एकदा उजेडात बघा. कडक गाठी असतील किंवा छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोखंडी खिळ्यांनी आर्सेनिक काढणाऱ्या फिल्टरवर प्रकल्प करायचा आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात आर्सेनिक मिसळून चाचणी घ्यायचा विचार आहे. हा विषय जुना झाला का?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : अजिबात जुना झालेला नाही, आणि तू लोखंड निवडलंस याचा मला फार आनंद झाला. जमिनीखाली गंज विरघळून आर्सेनिक सुटतं आणि वर आणून गंज पुन्हा तयार केला की तोच गंज त्याला पकडतो. पद्धतींची नावं कितीही निघोत, त्यांतल्या निम्म्याअधिक गंजावरच चालतात.

नेपाळच्या तराईत नवलपरासी भागात कांचन फिल्टर वापरला गेला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सुसान मरकॉट आणि काठमांडूच्या एन्फो संस्थेने तो तयार केला. वरच्या पसरट टोपल्यात पाचेक किलो लोखंडी खिळे, त्यांवर विटांचे तुकडे, म्हणजे ओतलेल्या धारेने खिळे हलत नाहीत, आणि खाली बारीक वाळू आणि खडी. बांगलादेशात कुष्टियाचे डॉक्टर ए. के. एम. मुनीर आणि त्यांचे अमेरिकेत रसायनशास्त्र शिकवणारे भाऊ अबुल हुसाम यांनी सोनो फिल्टर बनवला. त्यात लोखंडाचा कीस विशिष्ट प्रक्रियेने घट्ट केलेला असतो, बरोबर वाळू, कोळसा आणि विटांचा चुरा. 2007 मध्ये हुसाम यांना ग्रेंजर चॅलेंज हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्याच वेळी दुसरा क्रमांक अरूप सेनगुप्ता यांच्या गटाला मिळाला. त्यांनी शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाबरोबर बंगालमधल्या गावांत हापशालाच जोडलेले ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) स्तंभ बसवले होते. त्यांचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की स्तंभ भरला की कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरायचा आणि धुतलेलं आर्सेनिक नीट साठवायचं, हे पहिल्यापासून आराखड्यात होतं. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांचं अमृत हे शुद्धीकरणाचं साधनही लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवरच आधारलेलं आहे.

अशोक गाडगीळ यांचं काम तू मुळातून वाच. मुंबईत जन्मले, तिथेच पदवीपर्यंत शिकले, पुढे बर्कलीला गेले. 2023 मध्ये त्यांना अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक मिळालं. त्यांच्या गटाने लोखंडी पत्र्यांत कमी दाबाची वीज सोडून पाण्यातच गंज तयार करायची पद्धत बसवली. पत्र्यातून लोखंड सुटतं, त्याचा ताजा गंज होतो आणि ही प्रक्रिया चालू असतानाच आर्सेनाइटचं आर्सेनेटही होतं, वेगळं क्लोरीन लागत नाही. मग थोडी तुरटी घालून गाळ बसवतात. दक्षिण 24 परगणा जिल्ह्यातल्या धपधपी इथल्या शाळेत दिवसाला 10,000 लिटरचा संच उभा राहिला. येणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे 250 मायक्रोग्रॅम आर्सेनिक, जाणाऱ्या पाण्यात 5 च्या खाली. शाळेच्या आवारात, गावातल्याच माणसांच्या हाताखाली ते चालतं, हे मला त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता तुझ्या प्रयोगाबद्दल. ऊर्ध्वपातित पाणी वापरू नकोस. त्यात कुठलाही फिल्टर झकास चालतो. जमिनीतल्या पाण्यात फॉस्फेट आणि सिलिकेट असतात आणि गंजावरच्या जागेसाठी ते आर्सेनेटशी भांडतात. फॉस्फेट तर रासायनिकदृष्ट्या त्याचं जुळं भावंड. खिळ्यांचे फिल्टर कुठे चालले आणि कुठे पडले, याचं एक मोठं कारण हेच. पाण्यात फॉस्फेट आणि सिलिकेट वेगवेगळ्या मात्रेत घालून तुझा फिल्टर कधी हरतो, ते शोध. पाणी किती वेगाने उतरतं, तेही नोंदव. वेग वाढला की खिळ्यांशी संगत कमी होते. आणि फिल्टर नवा असताना नाही, जुना झाल्यावर मोज. 2005 मध्ये जाधवपूर विद्यापीठाच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या बारुईपूरजवळ हापशांवर बसवलेली वेगवेगळ्या उत्पादकांची शुद्धीकरण यंत्रं दोन वर्षं तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या सगळ्या काळात पाणी सातत्याने 10 मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवणारं एकही यंत्र त्यांना आढळलं नाही. यंत्र थकतं, तेव्हा काही आवाज होत नाही, पाणी तसंच नितळ येत राहतं. कोणी मोजत नसेल, तर गाव विश्वासाने विष पितं. तुझ्या प्रकल्पात 'हा फिल्टर कधी बदलायचा ते घरच्या बाईला कसं कळेल' एवढ्या प्रश्नाचं उत्तर निघालं, तरी मी त्याला मोठं काम म्हणेन.

आर्सेनिकचं द्रावण स्वतः बनवू नकोस. प्रमाणित पातळ द्रावण प्रयोगशाळेच्या सरांच्या देखरेखीखाली घे आणि वापरलेले खिळे, वाळू, गाळ सिंकमध्ये जाऊ देऊ नकोस. गाळ सिमेंट-काँक्रीटमध्ये कोंडून टाकण्यावर काम झालेलं आहे, तेही बघ.

प्रश्न : माझी लेक कोलकात्यात राहते. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रोज बारुईपूरकडून लोकलने येतात. त्यांच्या तळहातांवर कडक फोड आहेत, अंगावर ठिपके आहेत. शेजारणी म्हणाल्या, हा आर्सेनिकचा आजार आहे, त्यांना स्वयंपाकाला लावू नका, लेकरांना लागेल.
— एक आजी, ठाणे

उत्तर : काकू, हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हाताने नाही, अन्नातून नाही, एका ताटात जेवलं तरी नाही. तो फक्त पाण्यातून आणि त्या पाण्यावर झालेल्या अन्नातून येतो. याच गैरसमजापोटी बंगाल आणि बिहारमध्ये मुलींची लग्नं मोडली आहेत, सुनांना माहेरी धाडलं आहे, पोरांना शाळेत वेगळं बसवलं आहे. मावशींचं काम काढून घेणं हा मोठा अन्याय होईल.

तुमच्या लेकीला त्यांच्यासाठी खूप काही करता येईल. त्यांच्या हापशाचं पाणी बाटलीत मागवून तपासून द्यावं. संध्याकाळी परतताना त्यांना घरी नेण्यापुरतं शहराच्या नळाचं पाणी भरून द्यावं. कोलकात्याला हुगळी नदीचं शुद्ध केलेलं पाणी मिळतं, लेकीचा नळ त्याच पाण्याचा आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. डाळ, अंडी, पालेभाज्या त्यांच्या पोटात जातील असं बघावं, कारण कुपोषित शरीरावर हे विष जास्त चालतं. फोडांवर डॉक्टर मलम देतात, त्याने कातडी मऊ होते आणि भेगांचा त्रास कमी होतो. आर्सेनिक अंगातून खेचून काढतो म्हणणाऱ्या महागड्या औषधांवर मात्र त्यांनी पैसे घालू नयेत. औषधाआधी पाणी बदलायला हवं. एखादी जखम भरत नसेल किंवा गाठ वाढत असेल, तर विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावं.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात छत्तीसगडच्या सीमेलगत आमची शाळा आहे. पलीकडे अंबागड चौकीच्या बाजूला आर्सेनिक असल्याचं ऐकतो. महाराष्ट्रात ते नाही असं सगळे म्हणतात. आम्ही काळजी करावी का?
— एक शिक्षक, कोरची तालुका

उत्तर : सर, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. अंबागड चौकी भागातल्या कौडीकसा गावाच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं 1999 पासून प्रसिद्ध आहे. तिथला प्रकार गंगेसारखा गाळाचा नाही, जुन्या कठीण खडकातला आहे. म्हणून बलियाच्या ताईंना मी जो उघड्या विहिरीचा सल्ला दिला, तो तुमच्याकडे लागू धरू नका. कौडीकसाच्या बाजूला विहिरींच्या पाण्यातही आर्सेनिक सापडलं आहे.

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बसाल्टचा आहे आणि तिथे आर्सेनिक हा मुख्य प्रश्न नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट आहेत. पण पूर्व विदर्भाचा खडक वेगळा आहे आणि खडकाला राज्याची सीमा ठाऊक नसते. तुमच्या शाळेच्या हापशात आर्सेनिक आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय नाही असंही म्हणू नये, एवढंच. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अर्जात 'आर्सेनिक' आणि 'फ्लोराइड' हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक असेलच असं धरून चालू नका.

नमुना घेताना हापसा आधी चांगला पाच-सात मिनिटं मारून पाईपमधलं शिळं पाणी जाऊ द्या. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा. ते तिच्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून देतात, ते ओतून टाकू नका आणि बाटली विसळू नका. आम्ल नसेल, तर प्रवासात पाण्यातलं लोखंड गंजून तळाशी बसतं, आर्सेनिक त्याच्याबरोबर बसतं आणि वरचं नितळ पाणी तपासून अहवाल चांगला येतो. बाहेरचं आम्लही घालू नका. बलियाच्या ताईंनाही हेच सांगते, दुकानातलं तेजाब बाटलीत नको, त्यात आधीच धातूंचा अंश असतो.

एक नमुना पावसाळ्याआधी मे महिन्यात द्या, एक पावसाळा सरल्यावर. बाटलीवर हापशाची जागा, बोअरची खोली आणि तारीख लिहा. शाळेत येणारी मुलं ज्या-ज्या पाड्यांवरून येतात, तिथल्या हापशांचीही यादी करून अर्जाला जोडा, म्हणजे एका खेपेत सगळ्यांचं काम होईल. अहवालात आर्सेनिकपुढे 0.01 पेक्षा मोठा आकडा आला, तर त्या हापशाचं पाणी पिणं आणि त्यात पोषण आहाराची खिचडी शिजवणं त्याच दिवशी बंद करा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि अहवालाची प्रत मला पाठवा. बोअरची खोली कळली की तिथे कुठली पद्धत चालेल, ते मी तुम्हाला पत्राने सविस्तर लिहीन.